उतरवलेला गांधार

उद्धवराव घड्याळवाले पाऊण तास बसून होते. दुसरा चहा झाला, सोबतच्या भाजलेल्या शेंगा संपल्या, तरी समोर बसलेल्या मुंजाजींनी कागदावर एक अक्षर उमटवलं नव्हतं. पेनाचं टोपण काढायचं, कागदाकडे बघायचं आणि टोपण पुन्हा लावायचं, एवढंच चाललं होतं.

उद्धवरावांचं परभणीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथल्या संगीत मंडळाचे ते चिटणीस होते. सकाळच्या गाडीने ते मुद्दाम जिंतूरला आले होते. मंडळाच्या संस्थापकांच्या स्मरणार्थ दर जानेवारीत एक बैठक व्हायची. या वर्षीची बैठक मुंजाजींच्या एकल पेटीवादनाची ठरली होती. दीड तास, नुसती पेटी, साथीला तबला. पत्रिका छापायला टाकायची होती आणि कोणकोणते राग, कोणत्या क्रमाने, हे छापखानेवाल्याला लिहून द्यायचं होतं.

"तुमीच लिवा की," मुंजाजी शेवटी म्हणाले. "लोकाला काय आवडतंय ते तुमाला म्हाईत हाय."

"असं कसं, मुंजाजीराव? कार्यक्रम तुमचा हाय. मी लिहिला तर तो माझा होईल."

मुंजाजींना हे पटलं, पण त्याने कागद काही भरला नाही. शनिवारपर्यंत यादी परभणीला पोचती करतो, असा शब्द देऊन त्यांनी उद्धवरावांना स्टँडपर्यंत सोडलं आणि तिथूनच ते कचेरीत गेले.

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मुंजाजी आवक-जावक सांभाळत. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नोंद करायची, ज्याचा त्याच्या टेबलावर पोचवायचा. एकोणतीस वर्षं झाली होती. येत्या जुलैत ते निवृत्त होणार होते. कागदात काय लिहिलंय यावर आपलं मत देण्याची वेळ त्यांच्यावर या सगळ्या वर्षांत आली नव्हती, आणि ती यावी असं त्यांना वाटलंही नव्हतं.

पेटीचंही तसंच होतं. मुंजाजी चारठाण्याचे. घरी बेताची शेती. देवळात भजनाला पेटी लागायची म्हणून ते आपले आपण ती वाजवायला शिकले. एकसष्ट साली चारठाण्याच्या उत्सवात गोविंदरावबुवांचं गाणं होतं आणि त्यांचा पेटीवाला तापाने फणफणून परभणीलाच राहिला होता. कुणीतरी पंचवीस वर्षांच्या मुंजाजीला पुढे ढकललं. गोविंदराव एका शाळेत संगीत शिक्षक होते, पण हैदराबादेत एका उस्तादांकडे आठ वर्षं राहून शिकलेले. आवाज असा की देवळातली माणसं पायरीवरून हलली नाहीत. मुंजाजी घाबरत घाबरत त्या आवाजाच्या मागे राहिले. बैठक संपल्यावर बुवा एवढंच म्हणाले की, पट्टी लक्षात ठेव, काळी एक. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. "रविवारी पूर्णा. पेटीसह येणे."

ती पोस्टकार्डं पुढे तीस वर्षं येत राहिली. हिंगोली, सेलू, गंगाखेड, वसमत, कधी नांदेड. काय गाणार हे बुवांनी कधी सांगितलं नाही आणि मुंजाजींनी कधी विचारलं नाही. बुवा श्वास कसा घेतात यावरून पूरिया धनाश्री आहे की यमन, हे त्यांच्या बोटांना कळायचं. एकदा हिंगोलीला बुवा खोकल्यासाठी थांबले, तेव्हा मधला रिकामा वेळ भरायला मुंजाजींनी केदारातली एक जागा अशी घेतली की समोरून दाद आली. बुवांनी लगेच पुढचा सूर लावला. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मुंजाजी, पेटीनं मागं राहायचं असतं." त्यात राग नव्हता. शाळेत मुलांना सांगावं तसं ते बोलले. मुंजाजींनाही ते बरोबर वाटलं आणि पुन्हा तसं काही त्यांच्या हातून झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी औरंगाबादला बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते बोलत ते कुजबुजल्यासारखं. मंडळाची जानेवारीची बैठक खरं तर त्यांचीच असायची. सलग दोन वर्षं ती झाली नाही, आणि या वर्षी उद्धवरावांच्या मनात मुंजाजींचं नाव आलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मुंजाजींनी यादी केली. आता ती एका बैठकीत झाली. आधी पूरिया धनाश्री, मग केदार, मग एक नाट्यपद, शेवटी भैरवी. जेवताना त्यांनी ती तानुबाईंना वाचून दाखवली. तानुबाईंना रागांची नावं माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण नवऱ्यासोबत त्या किती तरी बैठकांना सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या.

"आन् केदाराच्या म्होरं ते काय लिवलंय?"

मुंजाजींनी बघितलं. केदारानंतर त्यांनी कंसात "थोडं थांबणे" असं लिहिलं होतं.

"तिथं बुवा गरम पानी पेत व्हते," तानुबाई म्हणाल्या. "तुमी कवा पेताव मधी पानी? हे समदं बुवाचंच हाय. तुमचं काय हाय ह्याच्यात?"

मुंजाजींनी ती ओळ खोडली. बाकीची यादी तशीच राहिली, कारण तिच्या जागी काय लिहायचं ते त्यांना सुचलं नाही.

शनिवारी ते यादी घेऊन परभणीला गेले, पण उद्धवरावांच्या दुकानी जायच्या आधी बुवांकडे गेले. बुवा मुलाच्या घरी, पुढच्या खोलीत खाटेवर बसले होते. गळ्याला मफलर होता. मुंजाजींनी बातमी सांगितली आणि यादी हातात दिली. मनात धाकधूक होती की बुवांना काय वाटेल. बुवांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन मागितलं. नाट्यपदाच्या जागी आपली एक बंदिश लिहिली, पूरिया धनाश्रीला पस्तीस मिनिटं नेमून दिली आणि भैरवीखाली रेघ मारली. मग जवळ बोलावून कुजबुजत बराच वेळ सांगत राहिले: अस्थाई दोनदाच घे, अंतऱ्याला घाई नको, मी पुढंच बसेन, माझ्याकडे बघत राहा.

यादी छापखान्यात गेली. परतीच्या बसमध्ये मुंजाजींना हलकं वाटलं. आता ठरवायचं काही उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संक्रांत होती. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न सोळा वर्षं भिजत पडला होता आणि त्याचा निकाल आता लागणार अशी बोलवा सगळ्या मराठवाड्यात होती. गावोगाव पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. कचेरीत माणसं हळू आवाजात बोलायला लागली. गुरुवारी दुपारी साहेबांच्या फोनवर मुंजाजींना बोलावणं आलं. पलीकडे उद्धवराव होते. रविवारी संध्याकाळच्या बसचा काही भरवसा नव्हता, बाहेरगावची माणसं यायला कचरत होती. तेव्हा मंडळाने ठरवलं होतं की बैठक रविवारीच, पण सकाळी घ्यायची. साडेआठला सुरू, दहाला संपवायची.

"सकाळी?" मुंजाजींनी विचारलं. "पर राग समदे सांजंचे हायत."

उद्धवरावांनी सांगितलं की पत्रिका वाटल्या गेल्यात, त्यांवर पेनाने वेळ बदलू. राग काय ते तुम्ही बघा. आणि फोन ठेवला.

सकाळी साडेआठला पूरिया धनाश्री वाजवता येत नाही. केदारही नाही. बुवांनी लिहिलेली बंदिशही संध्याकाळच्याच रागातली. बुवा आयुष्यात सकाळी गायले नव्हते. त्यांचा गळा दुपारनंतर उघडायचा आणि सकाळी ते उशिरापर्यंत झोपत. यादीतली एकटी भैरवी उरली.

मुंजाजी घरी येऊन पुढच्या खोलीत बसले. तिथे दोन पेट्या होत्या. एक बुवांच्या साथीची, चांगली, कापडी खोळ घातलेली. दुसरी जुनी, चारठाण्याच्या भजनी मंडळाने टाकून दिलेली. तिचा भाता दोन ठिकाणी कातड्याने शिवला होता. ही दुसरी पेटी गेल्या तीस वर्षांत घराबाहेर गेली नव्हती.

तिची गोष्ट तानुबाई सोडून कुणाला माहीत नव्हती. त्रेसष्ट साली हैदराबादेकडचा एक सारंगीवाला जिंतूरच्या स्टँडवर अडकला होता. सकाळची गाडी बंद पडली होती. वेळ जाईना म्हणून त्याने चहाच्या टपरीमागे बसून सारंगी काढली आणि तोडी वाजवला. मुंजाजी नोकरीच्या मुलाखतीच्या पत्राची चौकशी करायला निघाले होते, ते तिथेच उभे राहिले. तोडीतला गांधार, म्हणजे कोमल ग, त्यांनी पेटीवर हजारदा दाबला होता, पण हा गांधार तो नव्हता. तो खाली होता, पेटीच्या पट्टीवर नसलेल्या जागी होता. गाडी आली, सारंगीवाला गेला. घरी येऊन मुंजाजींनी जुनी पेटी खोलली, गांधाराची पितळी पात काढली आणि बुडाशी हळूहळू घासून तो सूर उतरवायला सुरुवात केली. एक पात मोडली. दुसरी जास्त उतरली. तिसरी जमली. मग रिषभ, मग धैवत. चार महिने लागले.

तेव्हापासून रोज पहाटे, कचेरीच्या आणि घरातल्या कामांच्या आधी, तास-दीड तास ते त्या पेटीवर बसत. तोडी, आणि तोडीने जीव दमला की देसकार, बिलावल. कुणासाठी नाही. कुणी मागितलं नव्हतं आणि कुणाला दाखवावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

शुक्रवारी संक्रांतीची सुटी होती. मुंजाजींनी नवा कागद घेतला, आणि या वेळी टोपण काढल्यावर पुन्हा लावलं नाही. तीस वर्षं ते मंचावर गवयाच्या बाजूला बसले होते. गवई डोळे मिटून गातो. समोरच्या माणसांकडे बघायला पेटीवाला मोकळा असतो. लोक केव्हा बसतात, केव्हा मांडी बदलतात, केव्हा त्यांना चहा आठवतो, हे मुंजाजींइतकं जिल्ह्यात कुणाला माहीत नसेल. त्यांनी विचार केला की मोठा राग आधी घ्यायचा ही रीत आहे, पण जिंतूरकडची गाडी पावणेनऊला येते. तोडी पहिला घेतला तर गांधार लागता लागता दारात चपलांचा आवाज होणार. म्हणून आधी देसकार, वीस मिनिटं. उजेडाचा राग, उशिरा येणाऱ्याला सामावून घेणारा. नऊच्या सुमाराला तोडी, तेव्हा त्याची वेळही होते. त्याला पंचेचाळीस मिनिटं. तोडीनंतर माणसाला लगेच उठवून घरी पाठवता येत नाही, म्हणून थोडा बिलावल, पाणी दिल्यासारखा.

आणि शेवटी भैरवी. तिथे हात थांबला. जुन्या पेटीचा गांधार तोडीचा होता. देसकार-बिलावलात ती पट्टी लागतच नाही, पण भैरवीला तो गांधार चालत नाही, बेसूर वाटतो. भैरवी वाजवायची तर चांगली पेटी घ्यावी लागणार.

तानुबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग दोनी न्या की. मी धरते एक."

शनिवारी दुपारी दोघं दोन पेट्या घेऊन परभणीला निघाले. आदल्या दिवशी निर्णय जाहीर झाला होता. बसमध्ये माणसं कमी होती आणि जी होती ती आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या एका वस्तीवर निळे झेंडे लागले होते, माणसं एकमेकांना गुलाल लावत होती. पुढच्या गावात दुकानांची दारं अर्धी ओढलेली होती.

तानुबाईंना उद्धवरावांच्या घरी सोडून मुंजाजी बुवांकडे गेले. बैठक सकाळी आहे हे बुवांना कळलं होतं. त्यांनी हात पुढे केला. मुंजाजींनी नवी यादी दिली. बुवांनी ती वाचली. पेन मागितलं नाही.

"तोडी?" ते कुजबुजले. "पेटीवर?"

"घरी एक जुनी पेटी हाय. तिच्यावर वाजीवतो मी."

"पेटीवर तोडी होत नाही, मुंजाजी. नुसती सुरांची सुटी अक्षरं होतात."

बुवांनी पुन्हा कागदाकडे बघितलं. त्यावर त्यांचं काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी बोट कागदाच्या तळाशी ठेवलं. तिथे मुंजाजींनी एक जागा कोरी सोडली होती.

"भैरवी तरी असू दे," ते म्हणाले.

बत्तीस वर्षांत बुवांनी त्यांना खूप गोष्टी सांगितल्या होत्या. मागितलं असं काही नव्हतं. मुंजाजींच्या तोंडून "हो" निघायलाच हवं होतं.

"बघतो, बुवा," ते म्हणाले, आणि रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

रविवारी आठ वाजता सभागृहात पन्नासेक माणसं होती. सतरंज्या गार होत्या. तबल्याला सिताराम होता. तो नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर कामाला होता आणि बुवांच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांच्या बैठका त्यानेच वाजवल्या होत्या. मूळचा तो पालमकडचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तिकडे त्यांचं घर जळलं, तेव्हा आईला घेऊन तो परभणीला आला. मंडळात त्याबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे तारवटले होते. वस्तीत दोन दिवस कुणी झोपलं नव्हतं. त्याने खिशातून पेढ्याचा पुडा काढला आणि मुंजाजींपुढे धरला. मुंजाजींनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि सितारामच्या पाठीवर हात ठेवला. उद्धवरावांनीही घेतला. मंडळाच्या दोघा सभासदांनी हात जोडून "आत्ता नको" म्हटलं. सितारामने पुडा पुन्हा खिशात ठेवला आणि हातोडी काढली.

"पट्टी काळी एकच ना?" त्याने विचारलं.

"न्हाई," मुंजाजी म्हणाले. "पांढरी चार."

सितारामने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्या शिवलेल्या भात्याच्या पेटीकडे बघितलं, आणि तबला बदलायला उठला.

देसकार ठीक झाला. सुरुवातीला मुंजाजींचा डावा हात भात्यावर घाई करत होता. देसकार अर्ध्याच्या पुढे गेल्यावर दारात चपला वाजल्या. जिंतूरची माणसं आली आणि त्यांच्यामागून, मुलाच्या हाताला धरून, बुवा आले. माणसं उठून उभी राहिली. बुवांनी सगळ्यांना बसा म्हणून खूण केली आणि पुढच्या ओळीत, भिंतीला टेकून बसले. मफलर त्यांनी कानापर्यंत ओढून घेतला होता. मुंजाजींची तान मध्येच तुटली. सितारामने ठेका जरा ठळक करून त्यांना समेवर आणलं.

तोडीला त्यांनी बराच वेळ नुसता षड्ज धरला. मग रिषभ. मग त्या गांधारावर आले आणि तिथे थांबले. सभागृहात कुणाला ते काय आहे हे नेमकं कळलं असेल असं नाही. पण पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाने हातातली काडेपेटी खाली ठेवली, आणि मांडी बदलण्याचा आवाज बंद झाला. मुंजाजींना लोकांच्या चेहऱ्याकडे बघायची सवय होती. आज त्यांचे डोळे पेटीवरून हलले नाहीत. घरी पहाटे जसं वाजवत तसंच ते वाजवत होते. त्यापेक्षा चांगलं नाही आणि वाईटही नाही. द्रुतात एकदा बोट घसरलं. ते त्यांनी लपवलं नाही, तीच तान पुन्हा घेतली. पंचेचाळीस मिनिटं ठरवली होती, बावन्न झाली.

त्यानंतर बिलावल त्यांनी लहानच ठेवला. दहाला पाच कमी होती. उद्धवरावांनी दुसऱ्या पेटीची खोळ काढून ती पुढे सरकवली. मागून कुणीतरी "बुवांची भैरवी" असं म्हणालं, आणि दोघा-चौघांनी ते उचलून धरलं.

मुंजाजींनी तेव्हा पहिल्यांदा बुवांकडे बघितलं. बुवा खाली मान घालून बसले होते. सगळे थांबलेत हे त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी मान वर केली आणि उद्धवरावांना जवळ बोलावून त्यांच्या कानात काही सांगितलं. उद्धवराव गोंधळले. त्यांनी पुन्हा विचारून घेतलं आणि मग उभे राहून सांगितलं, "बुवा म्हणतात, आता भैरवी नको. त्या तोडीवर दुसरा गांधार नको."

लोकांना वाटलं बुवांची तब्येत ठीक नाही. थोडी चुळबुळ झाली, टाळ्या झाल्या, आभार झाले, चहा आला. पावणेअकराला बहुतेक सगळे गेले होते. सितारामने तबल्यांना गवसणी घातली, मुंजाजींच्या पाया पडला आणि मिळेल ती झोप घ्यायला घरी गेला. तानुबाई दाराशी उद्धवरावांच्या बायकोशी बोलत होत्या. मुंजाजी जुनी पेटी बंद करायला बसले, तेव्हा बुवा मुलाचा हात सोडून मंचाच्या कडेवर येऊन टेकले.

"गांधार कधी उतरवलास?"

"त्रेसष्टला."

बुवांनी मनात हिशेब केल्यासारखं केलं.

"मला कधी बोलला नाहीस."

मुंजाजींनी बुवांकडे बघितलं. त्यांना खोटं काही सुचलं नाही.

"तुमी सकाळी गात नव्हताव, बुवा."

सतरंज्या गुंडाळणारी माणसं त्यांच्याजवळ आली आणि वळसा घालून पलीकडे गेली. मग बुवांनी मफलर सैल केला आणि पेटीवर बोट फिरवलं. त्यांना सूर सापडेना, कारण पट्टी त्यांची नव्हती. मुंजाजींनी त्यांचं बोट धरून गांधारावर ठेवलं आणि स्वतः भाता हलवायला लागले.

सूर लागला. बुवांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ किंचित उघडले, आणि गळ्यातली शीर मफलरच्या वर दिसेल इतकी ताणली गेली. पण बाहेर आला तो पेटीचाच आवाज. सूर बराच वेळ चालू होता. दारातून तानुबाईंनी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. मुंजाजींनी भाता थांबवला नाही.

शेवटी बुवांनीच बोट उचललं. ते उठले, भिंतीला धरत दाराकडे गेले, मुलाने त्यांच्या पायांपुढे चपला ठेवल्या. मुंजाजींचा हात अजून चालूच होता. पट्टी एकही दाबलेली नव्हती. भाता भरत गेला, हाताखाली ताठ झाला, आणि शिवणीतून बारीक फुसफुसत हवा बाहेर यायला लागली, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.